नऊ सेकंदांचा ठहराव

उल्का कोमल धैवतावर येऊन थांबली आणि मी ओढणीखाली मोबाइलच्या घड्याळाचं बटण दाबलं.

दोन्ही तानपुरे चालू होते, मुजावरकाकांचा ठेका चालू होता, आणि उल्का डोळे मिटून, मान किंचित झुकवून गप्प बसली होती. मग तिनं तोच स्वर पुन्हा घेतला, आधीपेक्षा हलका. ताईंच्या तोंडून ‘वा’ निघाला. मी बटण पुन्हा दाबलं. तीन पूर्णांक दोन दशांश सेकंद.

निर्मलाताई काळगावकर सहसा ‘वा’ म्हणत नसत. मी अकरा वर्षं त्यांच्याकडे शिकत होते. माझ्या वाट्याला तो दोनदा आला होता आणि त्यातला एक बहुधा चहासाठी होता. उल्का साळोखेला येऊन तीनच वर्षं झाली होती. राधानगरीच्या बाजूच्या एका गावातून ती एसटीनं कोल्हापूरला यायची, कॉलेज करायची आणि आठवड्यातून तीन सकाळी आमच्यात बसायची. त्या दिवशी एका तोडी रागात तिला चार ‘वा’ मिळाले.

“बघितलंस, दीप्ती?” ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या. “याला ठहराव म्हणतात. स्वर लावायचा आणि मग त्याला जागा द्यायची. तू आपली बोलत सुटतेस.”

मी मान डोलावली. उल्का खाली बघत होती. ताईंनी कौतुक केलं की ती नेहमी खाली बघायची, आणि मला त्याचाही राग यायचा.

ताईंच्या गुरूंच्या स्मरणार्थ दर जानेवारीत एक सभा व्हायची. रविवारच्या सकाळच्या सत्राची सुरुवात ताईंची एक शिष्या करायची. एकच, आणि पाऊण तास. त्या पाऊण तासानंतर मुलीचं नाव बाहेरगावच्या संयोजकांच्या तोंडी जायचं. मागच्या वर्षापर्यंत सगळे धरून चालले होते की यंदा मीच. दिवाळीनंतर कोणी तसं म्हणेना. ताई नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी नाव सांगणार होत्या, आणि मला तो पाऊण तास हवा होता.

मी नुकतीच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले होते. न कळणारी गोष्ट मोजून काढावी, अशी मला सवय लागली होती. ठहराव ही गोष्ट मला कळत नव्हती. मी थांबले की नुसती थांबल्यासारखी वाटायचे. ती थांबली की खोलीतली माणसं पुढे वाकायची. तेव्हा मी ठरवलं की ती नक्की कुठे आणि किती थांबते हे शोधायचं आणि ते शिकायचं.

तिचं मी आधीपासूनच बरंच उचलत होते. ताईंचा क्लास दुसऱ्या मजल्यावर होता आणि जिना चांगलाच उभा. उल्का मधल्या वळणावर भिंतीला टेकून दोन-तीन मिनिटं उभी राहायची आणि मग वर यायची. ताईंनी ते एकदा पाहिलं आणि आम्हा सगळ्यांना सुनावलं की गायला बसण्याआधी माणूस असा शांत होऊन येतो, तुम्ही घोड्यासारख्या धडधडत वर येता. दुसऱ्या दिवसापासून मीही वळणावर थांबू लागले. दोघी समोरासमोरच्या भिंतींना टेकून उभ्या. ती हसायची, बोलायची मात्र नाही. मला वाटायचं, ही आज गायचा राग मनात घोळवतेय.

क्लासमध्ये सगळ्याच मुली शिकवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या, त्यामुळे माझ्याकडे उल्काच्या सहा तोड्या होत्या. संगणकावर आवाजाची रेघ काढता येते. तिच्यात श्वास घेतल्याची बारीक खूणही दिसते. मी दर दोन श्वासांमधलं अंतर नोंदवलं. दोनशे बारा ओळी झाल्या. शेजारी, कुठल्या स्वरावर थांबली, तेही लिहिलं. माझा अंदाज होता की धैवतावर आणि गंधारावर ती जास्त थांबत असणार, कारण तोडीत तेच स्वर महत्त्वाचे.

तसं काही निघालं नाही. स्वराचा आणि थांबण्याचा काही संबंधच नव्हता. संबंध होता तो मागच्या श्वासाशी. एका दमात ती नऊ सेकंदांच्या पुढे एकदाही गेली नव्हती. दोनशे बारांपैकी एकदाही नाही. लय वाढली तरी नऊ. तासाच्या शेवटी सात. माझ्या स्वतःच्या गाण्यात तोच आकडा चारपासून एकोणिसापर्यंत कसाही उड्या मारत होता.

म्हणजे ती थांबत नव्हती. तिला थांबावं लागत होतं. नऊ सेकंदांत जिथे पोचेल तिथे, धैवत असेल तर धैवत, नाहीतर दुसरा कुठलाही स्वर. मग ती श्वास गोळा करायची, आणि आम्ही सगळे पुढे वाकायचो.

मला झालेला आनंद मला अजून आठवतो. मी उठून आरशासमोर गेले आणि हसले. नंतर पुरावा पक्का करावा म्हणून तिची दोन वर्षांपूर्वीची एक रेकॉर्डिंग शोधून काढली. तिच्यात ती सोळा सेकंदांपर्यंत जात होती. सोळावरून नऊ. मी दोन्ही वर्षांचे आलेख एकाच कागदावर काढले, एक निळ्या रंगात, एक लाल. कागद इतका स्वच्छ दिसत होता की मी त्याची घडीसुद्धा घातली नाही, वहीत सपाट ठेवून नेला.

शनिवारी क्लासच्या अर्धा तास आधी मी वर गेले. नाव दुसऱ्या दिवशी जाहीर होणार होतं. ताई फुलदाणीतलं पाणी बदलत होत्या. मुजावरकाका कोपऱ्यात हातोडीनं तबला मिळवत होते. ते चाळीस वर्षं तबला वाजवत होते आणि पोटासाठी एका दवाखान्यात ईसीजी काढायचे.

मी कागद ताईंसमोर ठेवला. त्यांनी तो उलटा धरला. मी सरळ करून दिला आणि समजावून सांगितलं, बरंच शास्त्रीय भाषेत, दोनशे बारा हा आकडा दोनदा घेऊन.

“मला सोप्या मराठीत सांग,” ताई म्हणाल्या.

“तो ठहराव नाही, ताई. तिचा दम पुरत नाही. रियाज कमी झालाय. तुम्हाला वाटतं ते तिच्या गळ्यात नाहीच मुळी.”

ताईंनी फुलदाणी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

“अकरा वर्षं मी तुला हे शिकवलं?” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याचं गाणं चिरून बघायला?”

हातोडीचा आवाज थांबला होता. मुजावरकाका उठून आले आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी कागद उचलला. चष्मा कपाळावर चढवून ते तो डोळ्यांजवळ धरून बघू लागले.

“ही लाल रेघ आत्ताची?”

“हो.”

“आणि दोन वर्षांपूर्वी सोळा.”

“हो, काका.”

“लय चढली तरी नऊच? नक्की?”

“नऊच. शेवटी सात.”

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “तू सायन्स शिकलीस ना गं? एवढं सगळं काढलंस, आणि तुला काहीच वाटलं नाही?”

मग ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागले, म्हणून मीही वळले. दारात उल्का उभी होती. एक हात चौकटीवर. ती किती वेळ तिथे होती, कळायला मार्ग नव्हता.

“ये बाळ, बस,” काका म्हणाले. “हात दे इकडे.”

त्यांनी तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. ती बोटं मी शेकडो वेळा तबल्यावर पाहिली होती. त्यांचे ओठ हलत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. दोन मिनिटं झाली असतील.

“झोपताना उशा किती घेतेस?”

आम्हाला तो प्रश्न विचित्र वाटला. उल्काला वाटला नाही. “तीन,” ती म्हणाली. “आडवं झालं की खोकला येतो. बसल्यावर थांबतोय.”

“लहानपणी सांधे सुजले होते कधी?”

नऊ वर्षांची असताना सुजले होते. आधी घसा दुखून ताप आला, मग एक गुडघा, तो उतरला तर दुसरा, मग मनगटं. महिनाभर शाळा बुडली. गावातल्या एका बाईनं तेल चोळलं आणि ते आपोआप गेलं, असं तिनं सांगितलं. काका मान डोलवत ऐकत होते. त्यांनी तिला सोमवारी आईला घेऊन दवाखान्यात यायला सांगितलं. उपाशी यायचं का, असं तिनं विचारलं.

“नको,” काका म्हणाले. “पोटभर जेवून ये.”

आधी ईसीजी निघाला, मग हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होऊन अरुंद झाली होती. तिच्यातून रक्त पुढे नीट जात नव्हतं आणि थोडं उलट गळत होतं, त्यामुळे फुप्फुसांत दाब साठत होता. लहानपणी घशातल्या जंतूंशी लढताना शरीरानंच ती झडप दुखावून ठेवली होती. चौदा वर्षं ती आतल्या आत आखडत गेली. डॉक्टरांनी सांगितलं की शिरेतून नेलेल्या फुग्यानं नुसती ताणून भागणार नाही, बदलावी लागेल. पण वेळेत आलात, अजून वर्षभर अंगावर काढलं असतंत तर दाब इतका चढला असता की शस्त्रक्रियेनंही फारसं साधलं नसतं. हे कुणाच्या लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ताईही आल्या होत्या, आणि त्यांच्या सांगण्यावरून मी सोबत गेले होते.

उल्कानं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. श्वासाची नळी घशातून घालणार का, आणि घातली तर गळा राहणार का. डॉक्टर म्हणाले की काही आठवडे आवाज बसतो, बहुतेकांचा परत येतो. ‘बहुतेकांचा’ हा शब्द तिनं हळूच पुन्हा म्हटला. मग तिनं शस्त्रक्रिया सभेनंतर करायची का, असं विचारलं. ताईंनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

त्या रविवारी ताईंनी नाव सांगितलंच नव्हतं. निदान झाल्यावर त्यांनी संयोजकांना कळवलं की यंदा आमच्याकडून कोणी गाणार नाही. मी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना उलट विचारलं: मी का नाही? त्या म्हणाल्या, “तुझंही गाणं होईल, दीप्ती. पण ह्या वर्षी मला ते ऐकायचं नाही.” उल्काला सभेतली जागा मिळाली नव्हती, तरी माझ्या हातून ती जागा गेलीच होती.

डिसेंबरात पुण्याला शस्त्रक्रिया झाली. धातूची झडप बसवली. ताई पाच दिवस तिथे बाकावर बसून होत्या. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा त्यांनी फोन केला होता. आता हे लिहितानाही त्या तुलनेची लाज वाटते, पण त्या वेळी मी ती रोज करत होते. बसमध्ये, आंघोळीला, आमटीला फोडणी घालताना. छाती उभी चिरलेल्या मुलीचा मला हेवा वाटत होता.

तिला घरी आणल्यावर भेटायला गेले. तिच्या आईनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, हातात नारळ आणि खण ठेवला.

“तू एवढं बारीक लक्ष ठेवलंस म्हणून पोरगी हाय माझी,” त्या म्हणाल्या. “सख्खी बहीणबी ठेवत न्हाई.”

उल्का पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा अगदी साधा होता. मी नारळ घेतला.

बरगड्यांच्या मधलं हाड जुळून येईपर्यंत तीन महिने तिनं वजन उचलायचं नव्हतं. म्हणजे तानपुराही नाही. फेब्रुवारीपासून ती क्लासला येऊ लागली तेव्हा ताईंनी सांगितलं, तिचा तानपुरा दीप्ती उचलेल आणि दीप्तीच धरेल. मग दर क्लासला मी तो खुंटीवरून काढायचे, गवसणी सोडायचे, जुळवायचे आणि तिच्या मागे बसून तिच्या गाण्याला तारा छेडायचे.

सुरुवातीला गाणं म्हणण्यासारखं काही नव्हतंच. आवाज खरखरीत होता, वरच्या स्वरांना फाटायचा. खोकला आला की ती एक छोटी उशी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून खोकायची. दवाखान्यातून तिला तीन चेंडूंचं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढायचा आणि चेंडू वर धरून ठेवायचे. ते करून झालं की ती नुसता षड्ज लावायची. पहिल्या दिवशी पाच सेकंद. मी मोजणं सोडलं होतं, पण इतक्या वर्षांची सवय, आकडा आपोआप डोक्यात यायचा. महिन्याभरात अकरा. एप्रिलमध्ये पंधरा.

तानपुरा थांबला की त्या शांततेत तिच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू यायची. नवी झडप मिटल्याचा तो आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीच म्हणाली, “मुजावरकाकांना आता रजा द्यायची. ठेका आतूनच येतोय.” काकांनी तिला सांगितलं की लय बरी आहे पण हात एकसुरी आहे. ती हसली, लगेच उशी छातीशी धरली, आणि पुन्हा हसली. रक्त पातळ ठेवायची गोळी तिला आयुष्यभर घ्यायची होती आणि त्यासाठी ठरलेल्या वारी रक्त तपासायचं होतं. त्या दिवशी तिला उशीर व्हायचा. ती आता जिन्यात थांबत नव्हती, सरळ वर यायची, कधीकधी दोन-दोन पायऱ्या घेत. वळणावर मी एकटीच उभी राहायचे.

पावसाळ्यानंतर ती पहिल्यांदा पूर्ण तोडी गायली.

मी तानपुऱ्यावर होते. तिनं आलाप सुरू केला आणि ती थांबेचना. एका दमात ती मंद्रातून वर येत होती, धैवत ओलांडत होती, परत खाली येत होती, लहान मूल अंगणभर धावत सुटावं तसं. कोंडून ठेवलेला सगळा श्वास ती खर्च करत होती. तिला काय मजा येत होती ते तिच्या खांद्यांवरून मला मागून दिसत होतं. ताई डोळे उघडे ठेवून ऐकत होत्या. ‘वा’ आला नाही.

“छान,” शेवटी त्या म्हणाल्या. “पण पूर्वीचं ते कुठं गेलं?”

उल्का म्हणाली, “ते आता येत न्हाई, ताई.” तिनं खाली बघितलं नाही.

पुढच्या जानेवारीचं नाव ताईंनी ऑक्टोबरातच सांगितलं. माझं. तोडीच गा म्हणाल्या. मला कारण माहीत होतं. दोन वर्षं मी उल्काच्या जागा घोकल्या होत्या. सोळा-सतरा सेकंदांचा दम असताना नवव्या सेकंदाला थांबायचं मी स्वतःला शिकवलं होतं. आता ते माझ्या गळ्यात बसलं होतं आणि तिच्यातून गेलं होतं.

सभेत पाऊण तास मी गायले. तिसऱ्या आवर्तनात धैवतावर येऊन थांबले. दम भरपूर शिल्लक होता. मान किंचित झुकवली. पहिल्या रांगेत कोणीतरी “अहाहा” म्हटलं आणि सगळं सभागृह पुढे वाकलेलं मला डोळे मिटूनही कळलं. मला हवं होतं ते सगळं त्या तीन सेकंदांत होतं.

कार्यक्रमानंतर मंचामागच्या खोलीत मी सतरंजीवर बसले होते. बाहेर ताईंभोवती पाहुण्यांची गर्दी होती. उल्का चहाचे दोन कप घेऊन आत आली, एक मला दिला आणि शेजारी बसली. गाणं छान झालं असं तिनं सांगितलं. मी नुसतं हं केलं.

“धैवतावर थांबलीस ना,” ती म्हणाली, “तिथं मला कोणी छातीवर बसल्यासारखं व्हायचं. वाटायचं, आता पुढचा श्वास येतोय का न्हाई. आज समोर बसून ऐकलं तर कळलं, बाहेरून ते एवढं भारी वाटत होतं.”

चहा गरम होता. तो मी तसाच प्यायले.

“उल्का, तो कागद मी तुझ्यासाठी नेला नव्हता.”

“माहीताय की. जिन्यात होते मी, दम खात. ‘तिच्या गळ्यात नाहीच मुळी’ इथपासून सगळं ऐकलं.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“कुणाला बोलू? आई तुझ्या हातात नारळ देत होती.” तिनं कपातली साय बोटानं काढून बशीच्या कडेला लावली. “आधी लई राग आला. मग वाटलं, माझ्यावर जीव असलेल्या माणसांनी तीन वर्षं माझा श्वास ऐकला. ताईंनी, आईनं. कुणी मोजला न्हाई.”

बाहेर कुणीतरी हार्मोनियमची पेटी ओढत नेत होतं.

“आज मात्र खरं सांगू?” उल्का म्हणाली. “तू थांबलीस तेव्हा मला तुझा असा हेवा वाटला, असा वाटला, की टाळी वाजवायलासुद्धा हात उचलेनात. तुला थांबता येतंय आणि दमपण लागत न्हाई. आता घरी जाऊन मी तुझं रेकॉर्डिंग लावणार हाय.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती.

तेवढ्यात दाराचा पडदा बाजूला झाला. ताई पाठमोऱ्या, बाहेरच्या पाहुण्यांशी बोलत होत्या. मागे न बघताच त्यांनी आत हात केला आणि म्हणाल्या, “अगं, ये लवकर बाहेर. हे तुला भेटायला थांबलेत.”

आम्ही दोघीही एकदम उठलो.